चंद्राबाईनं उचललेला भंडारा

सावत्र हा शब्द माझ्या दारात कुणी बोललेला मला खपत नाही. सांगलीच्या विश्रामबागेत लेकाकडं राहायला आल्यापासून मी बरंच ऐकून घेते, पण हे नाही. परवा शेजारची एक चांगली शिकलेली बाई सहज म्हणाली, "आजी, काही म्हणा, सावत्र ती सावत्रच." मी म्हटलं, "बाई गं, तू चंद्राबाईला बघितलं नाहीस म्हणून तुझी जीभ चालली. बस इथं, ऐक." ती बिचारी पर्स मांडीवर घेऊन बसली. तिला सांगितलं तेच आता सांगते.

मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. रॉकेल मिळायचं नाही, साखर मिळायची नाही आणि गावोगावची तरणी पोरं पलटणीत गेलेली. आम्ही तेव्हा हरिपुरात होतो, सांगलीच्या खाली, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. माझे मालक भाऊसो हळदीच्या वखारीत तोलार होते. हरिपूरची माती चिवट, म्हणून व्यापाऱ्यांची हळद तिथं जमिनीच्या पोटात ठेवतात. त्या खड्ड्याला पेव म्हणतात. वरचं तोंड एक माणूस जाईल एवढं आणि आतलं पोट एखाद्या खोलीएवढं. हळद भरली की तोंडावर फरशी टाकून माती लिंपायची. आत वारा नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही. आणि वारा नाही म्हणूनच माणूसही आत जगत नाही. पेव उघडलं की आधी बराच वेळ मोकळं सोडायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. घाई करून उतरलेला एक हमाल मी वर काढताना बघितलाय. त्याचं तोंड मला अजून आठवतं.

बिराप्पा त्याच पेवांवर कामाला होता. जतकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं मेली तसा बायको-पोराला घेऊन हरिपूरला आला. उंच, काळा, आणि बोलायचा इतकं कमी की माणसाला वाटावं, ह्याला शब्द विकत आणावे लागतात की काय. बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, पोटातलंही गेलं. मागं राहिला अर्जुना, चार वर्षांचा. बाप दिवसभर पेवावर आणि पोर वखारीच्या अंगणात कुत्र्याच्या पिल्लांत. संध्याकाळी बिराप्पा भाकरी करायला बसायचा, ती एका अंगानं करपलेली असायची आणि पोरगं रडायचं. मला ते बघवेना. आणि मला बघवलं नाही की मी काहीतरी करते, हा माझा स्वभाव.

माझं माहेर कोरेगावचं. आमच्या मळ्याच्या बांधाला लागून धनगरांची एक वस्ती होती. तिथली धाकटी सून म्हणजे चंद्राबाई. नवरा पटकीच्या साथीत गेला. विशी-बाविशीची पोर, पदरात एक मुलगी, अंजना. दिराच्या घरी राबत होती. दीर सयाजी वाईट नव्हता, जाऊ तानुबाईही वाईट नव्हती. पण दुसऱ्याच्या चुलीवर आपली भाकरी भाजून घेणाऱ्या बाईची मान कशी खाली असते, ते बघितलंय ना तुम्ही?

त्या लोकांत विधवेचा पाट लावतात. दुसरं लग्नच म्हणा, पण वाजंत्रीशिवाय, अंधार पडल्यावर. चांगली रीत. आमच्यात तेवढीही नव्हती. आमच्यातल्या विधवा जन्मभर भिंतीकडं तोंड करून बसायच्या. पण त्या रीतीत एक काटा होता. पाट लावून जाणाऱ्या बाईला आपलं पोर नेता यायचं नाही. पोर बापाच्या कुळाचं, ते तिथंच राहणार. आणि एकदा गेली की त्या घराचा उंबरा तिनं पुन्हा शिवायचा नाही.

माहेरी गेले तेव्हा बिराप्पाचं स्थळ मीच सुचवलं. चंद्रानं मला बांधावर गाठलं आणि विचारलं, "अक्का, मी गेले तर लोक काय म्हनतील?"

मी म्हटलं, "म्हणू देत. पोर टाकून गेली म्हणतील. पण तू इथं राहून म्हातारी झालीस तर ते तुला पाणी द्यायला येणारेत का?"

लोकांनी म्हटलंच. दुसऱ्या नवऱ्याची हौस, पोटचा गोळा टाकून गेली, काय काय. मला सांगा, बाई आई झाली म्हणजे तिची भूक मरते का? आपलं म्हणावं असं घर असावं, संध्याकाळी वाट बघावी असं कुणी असावं, हे तिला वाटू नये? वाटतं. आणि लेकरूही जवळ असावं असं वाटतं. तिच्या नशिबात दोन्ही नव्हतं. तिनं एक घेतलं आणि दुसऱ्यासाठी आतून जळत राहिली. तीन वर्षांची अंजना तानुबाईच्या कडेवर झोपलेली होती तेव्हा ती निघाली. उठवलंसुद्धा नाही.

हरिपुरात येऊन चंद्रानं घर उभं केलं. भिंती सारवल्या, चुलीला पोतेरं दिलं, बिराप्पाच्या अंगावर स्वच्छ धोतर दिसायला लागलं. तो एकदा माझ्या मालकांना म्हणाला, "भाऊसो, आता घरला जावंसं वाटतं." एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. दिवसा चंद्रा आमच्याबरोबर वखारीच्या अंगणात हळद निवडायला बसायची. लांब हळकुंडं एकीकडं, गोल गड्डे दुसरीकडं. आम्हा सगळ्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे असायचे, कितीही धुतले तरी.

सगळं बरं होतं, फक्त अर्जुना सोडून.

अर्जुनाला तिनं डोक्यावर चढवून ठेवला होता. ताटातली भाकरी भिरकावली तर ती दुसरी करून द्यायची. घागर फोडली तर खापऱ्या गोळा करायची. तो तिला आई म्हणत नव्हता, मावशी म्हणत नव्हता, नुसतं 'ए'. "ए, पानी दे." "ए, जा तिकडं." आणि ती म्हणायची, "आले रं राजा." माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. बिराप्पाही पोराला बोलायचा नाही. आईविना पोर म्हणून आधीच हळवा, आणि घरात दुसरी आणली म्हणून वर मनाला टोचणी. त्या पोराला सात वर्षांचा होईपर्यंत कुणी 'नको' म्हणून सांगितलं नव्हतं.

आणि गाव? गावाचं काय, गावाला दोन तोंडं. आधी सगळे टपून बसले होते, ही पोराला कधी छळते. ती छळेना, तेव्हा म्हणायला लागले, "सावत्रच ती. मुद्दाम वाया घालवतीय. स्वतःचं असतं तर असं सोडलं असतं का?" मारलं तरी सावत्र आणि नाही मारलं तरी सावत्र. आता बाईनं जावं कुठं?

एकदा अर्जुनानं माझ्या शेळीला धोंडा मारला. गाभण शेळी हो! मी धावले आणि त्याच्या पाठीत घालायला हात उचलला, तर चंद्रानं मधे येऊन माझं मनगट धरलं. "न्हाई अक्का. मारू नगा त्येला. तुमच्या पाया पडते."

"अगं, तुझ्या लाडानं बिघडलाय तो! तू त्याला एकदा तरी ओरडलीस का?"

पोरगं जीभ दाखवून पळालं. मग ती तिथंच गोठ्याच्या दारात मटकन बसली आणि तिनं मला ते सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

पाट लागायच्या दिवशी ती बिरोबाच्या देवळात गेली होती. तिथं तिनं भंडारा उचलला. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती मुठीत घेऊन बोललेला शब्द धनगर माणूस मोडत नाही. गळा कापला तरी नाही. मोडला तर देव ज्याच्यासाठी शब्द दिला त्याच्यावरच उलटतो, अशी त्यांची श्रद्धा.

"मी देवाला म्हनले," ती सांगत होती, "देवा, तितं मला दुसरीचं लेकरू सांबाळायचं हाय. मी त्येच्यावर कवा हात उगारनार न्हाई, वाकडं बोलनार न्हाई. तू माज्या अंजनावर कुनाला हात उगारू दिऊ नगस. मी हितं जपते, तू तितं जप."

शेळी सोडली आणि आत गेले. मला वाटलं होतं, ही बाई भित्री आहे, लोकांना घाबरते. ती तर रोज त्या पोराच्या लाथा खाऊन कोरेगावच्या पोरीला वाचवत होती. आपल्या मनानं तरी.

त्यानंतर मी अर्जुनाला काही बोलले नाही. पण मला आतून बरं वाटत नव्हतं. पोराला काहीच न बोलणं म्हणजे त्याला जपणं, हे माझ्या डोक्यात बसेना. आणि भंडाऱ्याचा शब्द मोड म्हणून तिला सांगायची छाती मला नव्हती.

उन्हाळा आला. त्या दिवशी सकाळी वखारीमागचं एक जुनं पेव उघडलं होतं. बिराप्पानं कंदील सोडला तो अर्ध्यावर जाऊनच विझला. त्यानं तोंडाभोवती बाभळीच्या फांद्या टाकल्या, दोरी तशीच खुंट्याला ठेवली, आणि "ऊन कलंस्तवर कुनी फिरकू नगा" असं सांगून गडी माणसं भाकरी खायला वडाखाली गेली. आम्ही बायका जरा लांब, छपराखाली हळद निवडत होतो.

पोरांचा गलका ऐकू आला म्हणून मी मान वर केली. अर्जुना फांद्या बाजूला सारून पेवाच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून. दोन्ही हातांत दोरी. चार पोरं लांब उभी राहून त्याला चिडवत होती, "तुजा बा बडवंल!"

"कोन बडवत न्हाई मला," तो म्हणाला. "ना बा, ना ती."

चंद्रा उठली होती. ती दबकत पुढं गेली आणि तिच्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "ये की रं राजा. ये बाळा. गूळ देते."

तो हसला. आणि दोरीवर एकेक हात खाली घेत सरकला. खांदे आत गेले, मान आत गेली. दोरीला नुसता ताण दिसत होता.

चंद्रा काट्यांतून धावली. पालथी पडली ती त्या तोंडावर, अर्धी आत. मी मागून तिचे पाय धरले आणि बोंब मारली. तिला त्याची शेंडी सापडली, मग दंड. कसं ओढलं देव जाणे. वर आला तेव्हा पोरगं झिंगल्यासारखं करत होतं, डोळे पांढरे. तिनं त्याला उघड्यावर नेऊन गदागदा हलवलं. त्यानं मोठा श्वास घेतला, खोकला, आणि रडायच्या आधी तिच्याकडं बघून हसला. सवयीनं हो, नुसतं सवयीनं.

फाडकन आवाज आला. तिनं त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग पाठीत. "मरायचं व्हतं तुला? मरायचं व्हतं? आं? मला न इचारता मरायचं व्हतं?" ती ओरडत होती, तोंडातून थुंकी उडत होती, आणि मारता मारता त्याला छातीशी आवळत होती. त्याला बसलेला हा पहिला मार. त्याच्या गालावर तिची पाची बोटं पिवळीधमक उमटली होती.

मागून कुणीतरी म्हणालंच, "बघा, दाखवला सावत्रपणा."

मी वळून अशी शिवी हासडली की ती बाई नंतर कैक दिवस माझ्या वाटेला आली नाही. ती शिवी इथं सांगत नाही, सून आत आहे.

बिराप्पा धापा टाकत आला. विझलेला कंदील बघितला, काट्यांनी फाटलेले बायकोचे हात बघितले, पोराचा गाल बघितला. त्याला सगळं कळलं. त्यानं पोराला उचललं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. चारचौघांत. त्या काळात असं कुणी करत नव्हतं.

पण चंद्रा आपल्या तळहाताकडं बघत बसली होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, "अक्का, माजी अंजना गेली."

दुसऱ्या दिवशी तिनं अन्नाचा घास घेतला नाही. भंडारा मोडला, आता तिकडं देव सोडणार नाही, हा एकच धोशा. मी समजावलं, "अगं, जीव वाचवलास तू त्याचा." ती म्हणाली, "देवाला शब्द दिला तवा असं म्हनले नव्हते, की जीव वाचवाय मारलं तर चालंल."

शेवटी मीच बिराप्पाला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ जमीन उकरत बसला. मग घरात गेला. मी दाराशी होते, मला ऐकू येत होतं.

"पाटाच्या बाईनं मागं जायचं नसतं," तो म्हणाला.

"मला ठावं हाय."

"लेकीला बगून तुला परत यावंसं वाटंल का?"

ती गप्प. लबाडी करणारी बाई नव्हती ती.

"जा," तो म्हणाला. "अक्कासंगं जा. मी अडवलं तर तू हितं असून नसल्यागत ऱ्हाशील. पर यायचं बग." आणि बाहेर येऊन माझ्याकडं न बघता पेवाकडं निघून गेला. अर्जुना कोपऱ्यात बसून होता. त्यानं चंद्राकडं नुसतं बघितलं. त्या दिवसापासून तो 'ए' सुद्धा म्हणाला नव्हता.

मिरजेहून आम्ही गाडीत बसलो. डब्यात रजेवरून परत निघालेले पलटणीचे शिपाई, त्यांच्या ट्रंका, त्यांना पोचवायला आलेल्या आयांची रडारड. कराड गेलं, रहिमतपूर गेलं. चंद्रानं कनवटीला हळदीची पुडी बांधली होती, आणि ती सारखी चाचपत होती. मी म्हटलं, "पोरीला काय आणलंस?" तर म्हणाली, "जित्ती दिसू दे आदी."

कोरेगावला माझ्या माहेरी ती पाणीसुद्धा प्यायली नाही. सरळ बांधानं वस्तीकडं. उंबरा शिवायचा नाही म्हणून ती विहिरीजवळच्या निवडुंगाच्या कुंपणाआड थांबली, मी तिच्याबरोबर. समोर अंगण, बाजूला मेंढरांची कोकरं जाळीत कोंडलेली. धनगर लोक कोकरांना दिवसा जाळीत ठेवतात, मेंढ्या चरून आल्यावरच सोडतात. नाहीतर कोल्हा नेतो, कुत्रं नेतं.

आणि अंजना दिसली. परकर वर खोचलेला, नाक वाहतंय, चांगली धट्टीकट्टी. चंद्रानं माझा हात असा दाबला की माझी बांगडी पिचली.

तेवढ्यात त्या कार्टीनं काय करावं? जाळीचा खुंटा उपटला. कोकरं भराभर बाहेर, दोन-तीन थेट विहिरीकडं धावली. ही टाळ्या पिटत त्यांच्या मागं, विहिरीच्या कडेला. घरातून तानुबाई आली ती पदर खोचतच. पोरीला दंडाला धरून मागं ओढलं आणि पाठीत सणसणीत धपाटा घातला. "किती येळा सांगितलं गं तुला! हिरीकडं जायचं न्हाई, खुंट्याला हात लावायचा न्हाई!"

चंद्राला कुणी चाबूक मारावा तशी ती हलली. पुढं जाणार होती. मी धरून ठेवलं.

अंजनानं भोकाड पसरलं. आणि रडत रडत तिनं तोंड कुठं लपवलं ठाऊक आहे? जिनं मारलं तिच्याच पोटात. तानुबाईच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून, तिच्याच पदरात नाक पुसत, "आयं गं, आयं गं" करत. तानुबाईनं आणखी दोन शब्द सुनावले, मग तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "चल, भाकरी खा, मग गोळा करू कोकरं."

तेव्हा तिला आम्ही दिसलो. तिनं चंद्राला ओळखलं. क्षणभर तिचा चेहरा घाबरला. ही पोर न्यायला आली की काय, असं तिला वाटलं असणार. पोरीवरची तिची मिठी घट्ट झाली.

"जाऊबाई," चंद्रा कुंपणापलीकडूनच म्हणाली, "दोन दिसांमागं पोरीला काय झालं व्हतं का? ताप, पडनं, काय बी?"

"न्हाई बा. चांगली हुंदडत व्हती."

"तुमी... तिला मारता?"

तानुबाईनं मान वर केली. "मारते की. चुकली की मारते. माज्या दोगांस्नी मारते तशी हिलाबी. लोक म्हनले, दिराची पोर हाय, जपून. मी म्हनले, न बोलता, न रागावता ठेवली तर ती माजी पोर कशाची? पावनी झाली की ती घरात. पावन्याला कोन रागवत न्हाई, चंद्रा. पावनं जायचं असतं."

मी चंद्राकडं बघितलं. ती कुंपणाला टेकली होती. इतके दिवस ती देवाशी केलेला सौदा पाळत होती, आणि इकडं पोर रोज धपाटे खात होती, भाकरी खात होती, वाढत होती. देवानं तिचं ऐकलं नव्हतं. की ऐकलं होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आयं, ही कोन गं?" अंजनानं विचारलं. रडणं विसरून ती डोळे मोठे करून बघत होती.

तानुबाईनं चंद्राकडं बघितलं. एका शब्दात त्या बाईचं सगळं उभं-आडवं होणार होतं, आणि तो शब्द बोलायचा हक्क चंद्राचा होता.

चंद्रा म्हणाली, "मी व्हय? मी मावशी तुजी. हरिपूरची."

तिनं पुडी सोडली, बोटानं भंडारा घेतला आणि कुंपणावरून वाकून पोरीच्या कपाळाला लावला. पोरगी खुदकन हसली आणि कोकरांमागं पळाली. तानुबाई रडायला लागली. "आत ये, चंद्रा. रीत गेली चुलीत, आत ये, भाकरी खा." चंद्रानं मान हलवली. उंबरा तिनं शिवला नाही. जाताना एवढंच म्हणाली, "हिरीवर झाकन घाला जाऊबाई. पोर लय खोडकर हाय."

परतीच्या गाडीत ती रडली. मी रडू दिलं. पोटचं लेकरू समोर असून मावशी म्हणवून आलेल्या बाईला काय सांगायचं असतं? मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू? कराडच्या पुढं कधीतरी तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "अक्का, मी त्येला पावना करून ठिवलं व्हतं."

हरिपुरात पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. अर्जुना उंबऱ्यावर बसून होता. बिराप्पा आत चुलीशी, भाकरी करपल्याचा वास येत होता. आम्हाला बघून अर्जुना उठला, पण पुढं आला नाही. गालावर हळदीचा पिवळा रंग अजून पुसटसा दिसत होता. बिराप्पा दारात आला. त्याच्या हाताला पीठ लागलेलं. तो म्हणाला, "काल सकाळपासनं हितंच बसलाय. उटवला तर उटत न्हाई."

चंद्रा त्याच्यापुढं उकिडवी बसली.

"अर्जुना, पेवाकडं गेलास तर मी रागवीन. ताट भिरकावलंस तर उपाशी निजवीन. शेळीला धोंडा मारलास तर अक्काची माफी मागाय लावीन. कळलं?"

आता हा जीभ दाखवणार, असं मला वाटलं. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. मग हळूच विचारलं, "रागावशील, पर जानार न्हाईस न्हवं?"

"न्हाई जानार."

"आमच्या आईगत न्हाई जानार?"

तिनं त्याला ओढून पोटाशी धरलं. त्यानं दोन्ही हात तिच्या कमरेभोवती घातले आणि तोंड तिच्या पदरात खुपसलं, अगदी कोरेगावच्या पोरीसारखं. मग इतकी वर्षं साठवलेलं असावं असं रडला. बिराप्पा पिठाच्या हातानं डोळे पुसत आत गेला.

मी माझ्या घरी आले. पाठीमागून तिचा आवाज ऐकू येत होता, "सोड आता. सोड म्हनते ना. त्या भाकरीचा कोळसा झाला बग, आन् तू हातपाय धुऊन ये आदी." आणि त्याचा आवाज, कुरकुरणारा, हट्टी, पण तिच्या मागं मागं जाणारा, "आलो की गं आयं."